डावीकडचे दिवे

६ जानेवारी, सोमवार

आयुष्यात काय दिवे लावले, असं कोणी विचारलं तर मला मान खाली घालावी लागत नाही. शहर वाहतूक खात्याच्या दिवाबत्ती शाखेत चौतीस वर्षं काढली. सत्तावीस स्थानकं, चार बस आगारं आणि भुयारी मार्ग किती ते देव जाणे. जिथे सावली दिसेल तिथे दिवा ठोकायचा, हा धंदा. निवृत्त होऊन सहा महिने झाले आणि आज मुलीने पाठवलेला कॅमेरा आला. सोबत चिठ्ठी : "बाबा, आईला कुठला दिवा कधी बंद करायचा ते शिकवणं पुरे. आता बाहेर पडा."

एवढ्यावर थांबली असती तर आमची मुलगी कसली. छायाचित्रणाच्या वर्गातही तिने माझं नाव परस्पर घालून टाकलंय. दर शनिवारी. विषय : रोजच्या प्रवासाच्या जागांमधला प्रकाश आणि सावली. मार्चमध्ये प्रदर्शन. म्हणजे ज्या सावल्यांना मी चौतीस वर्षं हुसकावलं, त्यांच्याच मागे आता हात जोडून फिरायचं.

ही वही निरोप समारंभात मिळाली. घड्याळ देतील असं वाटलं होतं. दिली ती कोरी बत्ती-वही, कपाटात शिल्लक होती म्हणून. रकाने छापलेले आहेत. डावीकडे पहिला 'शिडी कोणी धरली', मग 'चढला कोण', 'ठिकाण', 'दोष', 'उपाय'. शिडी धरणाऱ्याने आधी सही करायची आणि मगच दुसऱ्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा, असा आमच्या शाखेचा नियम होता. मी रकाने न जुमानता आडवा लिहिणार आहे. पहिला तेवढा समास म्हणून सोडतो. शिडीच उरली नाही तर धरणार कोण?

ही म्हणाली, "लिहा, लिहा. माझं डोकं खाण्यापेक्षा कागद खाल्लेला बरा." लग्नाला एकतीस वर्षं झाली, तिचा मला पाठिंबा हा असाच असतो.

९ जानेवारी, गुरुवार

पहिली मोहीम. सकाळी साडेआठला जुना पादचारी पूल. जाळीतून ऊन आत येतं आणि जमिनीवर चौकटी पडतात. लोक त्या तुडवत कामाला जातात, एकाचंही खाली लक्ष नाही. मी बत्तीस फोटो काढले. त्यांतल्या एकोणिसांत माझा अंगठा आहे.

दोघे येऊन आदळले, दोघेही डावीकडून. दुसरी एक बाई होती. म्हणाली, "काका, दिसत नाही का?" मी म्हटलं, "बाई, मला जे दिसतं ते तुम्हाला दिसलं असतं तर तुम्ही अशा धावत नसता." तोवर ती निघून गेली होती, त्यामुळे हे उत्तर मागून येणाऱ्या एका सज्जनाला मिळालं. या शहरात हल्ली माणसं चालत येत नाहीत, टपकतात.

उतरताना शेवटची पायरी चुकली. ती पायरी ठेकेदाराने बाकीच्यांपेक्षा बुटकी बांधली आहे. चौतीस वर्षांत माझ्या हे ध्यानात कसं आलं नाही, कोण जाणे.

११ जानेवारी, शनिवार

वर्ग. मास्तर तिशीचे, केस मागे बांधलेले. पहिलंच वाक्य : "प्रकाश बोलतो, सावली ऐकते." सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं. माझ्याशी तर एकही दिवा कधी बोलला नाही, बिघडला की गुणगुणायचा तेवढा.

मी शंका विचारली. संध्याकाळी फलाटावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी असतात, ती कॅमेऱ्यात का उतरत नाहीत? मास्तर म्हणाले, "कुठली कडी?" वर्गात विचारलं तर कोणीच पाहिली नव्हती. जन्मभर त्याच दिव्यांखालून ये-जा करणारी माणसं! शेवटी मास्तर म्हणाले, "काका, तुम्हाला नजर आहे."

हे वाक्य मी घरी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ही म्हणाली, "नजर आहे ना? मग कप कुठे ठेवलात ते बघा." कप मी टेबलावरच ठेवला होता. टेबल जरा आधी संपलं.

१५ जानेवारी, बुधवार

आज एक गंभीर गोष्ट उघडकीला आली. भुयारी स्थानक, फलाट दोन. डाव्या बाजूची दिव्यांची ओळ मंद आहे. नुसती मंद नाही, कडेला तर अंधारच. फलाट एकवर गेलो. तिथेही डावी ओळ मंद. बस आगारात, तिकीट खिडक्यांपाशी, सरकत्या जिन्यावर, जिथे जावं तिथे डावीकडचेच दिवे मंद. हा डावीकडचा ठेकेदार कोण आहे ते शोधायला हवं.

खात्री करायला परत फलाट दोनवर गेलो आणि उलट्या तोंडाने उभा राहिलो. तर मघाशी चांगली दिसणारी ओळ मंद आणि मघाची मंद ओळ लख्ख! म्हणजे वीजपुरवठाच लहरी आहे. मी होतो तोवर असलं काही चालत नव्हतं.

टेकूला तीन पानी पत्र लिहिलं. टेकू म्हणजे बावीस वर्षं माझी शिडी धरणारा माणूस, म्हणून ते नाव. आता तोच शाखेचा प्रमुख आहे. माणसाला वर चढवून चढवून शेवटी स्वतःच वर जाऊन बसला.

२० जानेवारी, सोमवार

टेकू स्वतः आला. हातात उजेड मोजायचं मीटर. फलाट दोनवर दोन्ही ओळींखाली उभं राहून मोजलं.

"साहेब, इकडे दोनशे दहा. तिकडे दोनशे आठ."

"मीटर बिघडलंय."

"कालच तपासून आणलंय, साहेब."

"मग तपासणारा बिघडलाय."

एरवी टेकू माझ्या असल्या बोलण्यावर खो-खो हसायचा. आज हसला नाही. माझ्या शेजारी, डावीकडे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, समोरच बघा. आता सांगा, माझी बोटं किती?"

"कुठली बोटं?"

"काही नाही," म्हणाला. मग माझं कोपर धरून जिन्यापर्यंत घेऊन आला. मोठा साहेब झाला तरी धरायची सवय काही सुटत नाही.

संध्याकाळी त्याने हिला फोन केला. अर्धा तास कुजबुज चालली होती. तिच्या भाच्याला आमच्या खात्यात चिकटायचंय हे मला कधीचं ठाऊक आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

घरात आज महाभारत. हिने मला न विचारता डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. मी जायला नकार दिला. मुलीचा फोन आला : "बाबा, एकदा दाखवून या ना, त्यात काय आहे?" मी म्हटलं, त्यात काही नाही म्हणूनच जात नाही.

ही म्हणाली, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. अख्ख्या शहराला उजेड दाखवला, आणि स्वतः..." पुढे बोलली नाही. तिचं वाक्य अर्धं राहिलेलं मी एकतीस वर्षांत प्रथमच ऐकलं.

वहीत खरं लिहायला हरकत नाही. माझे वडील शेवटची नऊ वर्षं खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि दुपारी बारा वाजता विचारायचे, "दिवा लावलाय का रे?" मी म्हणायचो, लावलाय. मग म्हणायचे, "मंद आहे." मी बल्ब बदलायचो. जास्त वॅटचा, त्याहून जास्त वॅटचा. पंधरा वर्षांचा होतो. शेवटी त्या खोलीत इतका उजेड झाला होता की बाकीच्यांना डोळे मिटून बसावं लागायचं. ते म्हणायचेच, मंद आहे. त्या खुर्चीची मला भीती वाटते, एवढंच. त्याचा आणि फलाट दोनचा काही संबंध नाही.

शेवटी तह झाला. प्रदर्शन होऊ द्या, मग डॉक्टर. ही म्हणाली, "ठीक आहे. डोळे तुमचे, हट्टही तुमचा." मी जिंकलो. जिंकल्यावर जेवण जात नाही असं मात्र पहिल्यांदाच झालं.

उद्या जुन्या पुलावर, आठ वाजता.

२४ जानेवारी, शुक्रवार

घरात आश्चर्यं घडताहेत. एक, माझा कप आता न सांगता उजवीकडे येतो. एकतीस वर्षांनी का होईना, शिस्त लागली. दोन, दोन पायऱ्या चढल्या की गुडघ्याला हात लावणारी ही बाई परवापासून रोज सकाळी फिरायला जाते. कुठे, तर "इथेच." माझ्यानंतर पाच मिनिटांनी निघते आणि मी परतलो की मागोमाग दमून घरी येते. खांद्याला मोठी पिशवी आणि पिशवीत खोचलेली छत्री. आभाळात ढग औषधाला नाही. मी विचारलं, "छत्री कशाला?" तर म्हणाली, "कुत्र्यांसाठी." कुत्री छत्रीला भितात की छत्रीखाली येतात, ते विचारायचं राहिलं.

डॉक्टरचं नाव मात्र तिने पुन्हा काढलेलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

वर्गात माझे आठवड्याचे फोटो पडद्यावर लावले. मास्तर पुढे गेले, मागे आले आणि म्हणाले, "काका, ही डाव्या कोपऱ्यातली सावली मुद्दाम घेतलीत?"

मी म्हटलं, "कुठली सावली?" मान वळवून बघितलं तर होती. जुन्या पुलाच्या फोटोत, तिकीट खिडक्यांच्या फोटोत, आगाराच्या भिंतीवर. खांबामागे कोणीतरी उभं आहे. माणूस खांबाआड लपलाय, पण ऊन पाठीमागून असल्याने त्याची सावली लांबच लांब पुढे येऊन माझ्या चौकटीत पडली आहे. बेंगरूळ आकृती. एका खांद्यावर फुगवटा, त्यातून काठीसारखं काहीतरी वर निघालेलं. स्वतःची सावली मी चौकटीबाहेर ठेवायला मेहनत घेतो आणि हा कोण उपटसुंभ रोज फुकट घुसतोय!

मी रागावून हे बोलणार होतो, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "अप्रतिम. सगळ्या फोटोंना जोडणारा धागा." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हो. मुद्दामच."

५ फेब्रुवारी, बुधवार

त्याला पकडायचं ठरवलं आहे. उद्या नेहमीची जागा सोडून थेट शहराच्या दुसऱ्या टोकाचं बस आगार, सकाळी सात वाजता. घरात बोललेलो नाही, वर्गात नाही, टेकूला नाही. फक्त या वहीला माहीत आहे. बघू आता बेटा कसा येतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आला होता. तिसऱ्या खांबाआड.

मी मागे वळून तरातरा गेलो तर कोणी नाही. बसच्या रांगेत चार-दोन माणसं, एक बाई पाठ करून उभी. त्यांना विचारून काय उपयोग. हे काम खात्याचंच असणार. डावीकडच्या दिव्यांचं प्रकरण मी बाहेर काढीन म्हणून माझ्यावर पाळत ठेवली आहे. चौतीस वर्षांच्या सेवेचं हे फळ.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "खात्याला दुसरे उद्योग नाहीत का?" आणि गुडघ्याला शेक देत बसली. एवढ्या सकाळी कुठे फिरून आली होती, कोण जाणे.

८ फेब्रुवारी, शनिवार

मास्तरांनी माझ्या फोटोंची मालिका करायची ठरवली आहे. नाव 'पाठलाग'. प्रदर्शनात एक अख्खी भिंत माझी. माझ्याबरोबर शिकणारी एक शाळेतली शिक्षिका म्हणाली, "त्या सावलीत एक प्रकारचं भय आहे." वर्गातले बँकेत काम करणारे एक गृहस्थ म्हणाले, भय नाही, एकाकीपण आहे. मी दोघांनाही गंभीरपणे मान डोलावली. फोटो काढणाऱ्याने बोलू नये, लोकांना बोलू द्यावं, एवढं मी पाच आठवड्यांत शिकलो.

आता पंचाईत अशी की तो माणूस यायचा थांबला तर माझी कला बसली. म्हणून त्याला सोय व्हावी अशाच जागा निवडतो. खांब भरपूर, ऊन पाठीमागे. दोन आठवडे त्याने बिचाऱ्याने एकही दिवस खाडा केलेला नाही. आमच्या शाखेत असली माणसं मिळाली असती तर!

२० फेब्रुवारी, गुरुवार

उघडं स्थानक, फलाट चार, संध्याकाळी पाच. असं ऊन वर्षातून चार दिवस मिळतं. खांबांच्या सावल्या फलाटभर आडव्या पडल्या होत्या. डोळा कॅमेऱ्याला लावून मी एकेक पाऊल डावीकडे सरकत होतो, सगळे खांब एका रांगेत येईपर्यंत. बटण दाबलं आणि त्याच क्षणी मागून जबर हिसका बसला. कॅमेऱ्याचा पट्टा कशात तरी अडकला असणार. मी धडपडत दोन पावलं मागे आलो आणि माझ्या डाव्या कानाशी गाडी शिरली. शिट्टी, वारा, आरडाओरडा. फलाटाची कड एवढी जवळ कधी आली कळलं नाही. उजवीकडे वळून बघितलं, मागे कोणीच नव्हतं. पट्टा कशात अडकला तेही कळलं नाही.

 बाकावर पंधरा मिनिटं बसलो. पट्ट्याने वाचवलं म्हणायचं. चांगल्या कंपनीचा दिसतोय.

घरी आलो तर ही माझ्यानंतर आली. हातातून ताट पडलं, मग वाटी. मी म्हटलं, "कप राहिलाय अजून." त्यावर ही बाई भर स्वयंपाकघरात माझ्या अंगावर ओरडली, "आज जेवण मिळणार नाही." आणि दार लावून घेतलं. दाराआड रडत होती. एका वाटीसाठी एवढं रडायचं म्हणजे कमाल आहे. मी दारापाशी उभा राहिलो. शेवटी म्हटलं, "नवी आणू." 

२२ फेब्रुवारी, शनिवार

फलाट चारचा फोटो मास्तरांनी मधल्या जागेसाठी निवडला. दाराएवढा मोठा करणार आहेत. त्यात माझी सावली आली आहे, आणि या वेळी तो उपटसुंभ कोपऱ्यात नाही. माझ्या सावलीला अगदी चिकटून उभा आहे, एक हात पुढे केलेला. वर्गात वाद झाला की तो हात ढकलायला निघालाय की धरायला. मास्तर म्हणाले, "ढकलायला. नाव पाठलाग आहे." मलाही तेच बरं वाटलं. धरणाऱ्या हातात कसली आली कला.

१५ मार्च, शनिवार

प्रदर्शन झालं. मोठ्या स्थानकाच्या भुयारी मार्गात, दोन्ही भिंतींवर. दिव्यांची मांडणी मी स्वतः सकाळपासून करत होतो. फोटोवर उजेड कसा टाकावा हे कलाकारांना कळत नाही, त्याला दिवाबत्ती शाखेचा माणूस लागतो. टेकू शिडी घेऊन आला होता. मी चढायला निघालो तर मला सरळ बाजूला केलं आणि शाखेचा प्रमुख स्वतः वर चढला. मी शिडी धरली. बावीस वर्षांत प्रथमच. वरून तो म्हणाला, "साहेब, घट्ट धरा हं." खाली उभं राहिलं की माणसाचं सगळं लक्ष वरच्याच्या पायांकडे लागतं. हे मला माहीत नव्हतं.

सहाला लोक आले. मुलगी आली होती, परगावाहून, खास. मधल्या फोटोपुढे गर्दी होती. मी बोलायला उभा राहिलो. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात फोटोवर अंधार पडला. मी एवढ्या मेहनतीने लावलेल्या दिव्याच्या मध्ये कोणीतरी उभं राहिलं होतं. मी न बघताच म्हटलं, "अहो, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

सावली हलली नाही. आणि मग मी ती बघितली. फोटोच्या कडेवरून शेजारच्या भिंतीवर गेलेली. खांद्यावर फुगवटा, त्यातून वर निघालेलं टोक. डावीकडे एक सावली फोटोतली, उजवीकडे एक भिंतीवरची. दोन्ही एकाच माणसाच्या. चौतीस वर्षं सावल्यांचा धंदा केलेल्या माणसाची ट्यूब तेव्हा पेटली. आधी दोनदा लुकलुकली, पण पेटली.

मान पार डावीकडे वळवली. माझ्यापासून दोन हातांवर ही उभी होती. पिशवी, छत्री. म्हणाली, "किती वेळ बोलताय? पाणी प्या." आणि पिशवीतून बाटली काढली.

मी बोलणं अर्धवट टाकून गटागटा पाणी प्यायलो. लोकांना वाटलं कलाकार भारावलाय. टाळ्या झाल्या.

घरी येताना मी विचारलं, "केव्हापासून?"

"टेकूभावजींचा फोन आला त्याच्या तिसऱ्या दिवसापासून."

"त्या दिवशी फलाटावर..."

"पट्टा चांगल्या कंपनीचा आहे," ती म्हणाली. "तुटला नाही."

मुलगी पुढे चालत होती, तिने मागे वळून बघितलं नाही. मी म्हटलं, "मी कुठे जातो ते तुला कळायचं कसं? मी तर सांगायचोही नाही." तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. माझ्या डाव्या बाजूने चालत होती. आता आठवतंय, दोन महिने ती डाव्याच बाजूने चालते आहे.

१८ मार्च, मंगळवार

डॉक्टर. काचबिंदू. चौतीस वर्षं काचा पुसल्या, त्याची ही पावती. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसवतात, ठिपका दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला मी भराभर दाबत होतो. डाव्याला बराच वेळ ठिपकेच येईनात. मी डॉक्टरांना म्हटलं, "मशीन बंद पडलंय." त्या म्हणाल्या, "मशीन चालू आहे, काका."

मग सगळं समजावून सांगितलं. डाव्या डोळ्याची बरीचशी कड गेली आहे, उजव्याची जरा. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी सांभाळता येईल, पण चुकवायचे नाहीत. रंगीत कडी त्याचीच. म्हणजे मास्तर म्हणाले ती नजर ही. वडिलांचं विचारलं. मी सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, तेव्हा कोणी वेळेवर बघितलं नव्हतं.

"दोन महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. हिने माझ्याकडे बघितलं नाही. बघून 'मी सांगत होते' म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

टेकूला संध्याकाळी पत्र लिहिलं. डावीकडच्या दिव्यांची तक्रार मागे घेतली. ठेकेदाराची क्षमा मागितली.

१९ मार्च, बुधवार

डॉक्टरांनी सांगितलंय, मान डावीकडे वळवून बघायची सवय लावा. सकाळी सवय म्हणून ही वही घेतली. कडी पहिल्यांदा कधी दिसली ती तारीख त्यांना हवी होती, म्हणून मागची पानं उलटत होतो. जे लिहिलंय ते बघायच्या आधी मान वळवली आणि पानाची डावी कड बघितली.

पहिल्या रकान्यात शिसपेन्सिलीने सही होती. बारीक अक्षरात, हिची. २१ जानेवारीच्या पानावर पहिली. मग २४ ला, १ फेब्रुवारीला, ५ ला, प्रत्येक पानावर. 'उद्या जुन्या पुलावर, आठ वाजता' याच्या शेजारी सही. 'फक्त या वहीला माहीत आहे' याच्या शेजारी सही, आणि खाली दोन शब्द : 'बरं बरं.' वर छापलेलं आहेच, 'शिडी कोणी धरली'. त्या रकान्यात मी आपण होऊन कधी डोकावलो नव्हतो, नोकरीतही नाही.

२० फेब्रुवारीच्या पानावर सही नाही. तिथे पेन्सिल इतकी दाबली गेली आहे की कागद फाटला आहे.

मी त्या भोकावरून बोट फिरवलं. मग हाक मारली. ती थेंबांची बाटली घेऊन आली. मी म्हटलं, "माझी वही वाचतेस?"

"अक्षर फार वाईट आहे," ती म्हणाली. "डोकं वर करा."

थेंब पडले. डोळे मिटून पाच मिनिटं पडून राहायचं असतं. ती पाचही मिनिटं बाजूला बसली होती. कुठल्या बाजूला ते बघावं लागलं नाही.

मग उठलो, कोरं पान काढलं आणि लिहायच्या आधी वही तिच्यापुढे सरकवली. पेन्सिल नाही, पेन दिलं. तिने विचारलं, "आज कुठे चढणार आहात?" मी म्हटलं, "कुठे नाही. पण नियम आहे." तिने सही केली. त्यानंतर मी वर तारीख घातली.